एका वेळी दोन पदव्या

आमच्या बचत गटातल्या एकीची लेक कॉलेजात बी.कॉम. करते. तिला सोबत कॉम्प्युटरची बीसीए पदवीही हवी होती. एका एजंटाने ‘मिळवून देतो’ म्हणत पैसे मागितले. गटातून कर्ज द्यायचंही ठरलं. पण आधी आम्ही चौकशी केली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. एक कॉलेजात जाऊन, दुसरी घरून, दूरशिक्षणाने करता येते. मात्र दूरशिक्षणाच्या संस्थेला मान्यता हवी. एजंटाच्या संस्थेला ती नव्हतीच!

आता पोर इग्नूतून बीसीए करते, आमच्या पापडांचा हिशोबही कॉम्प्युटरवर मांडते. बायांनो, लेकीला शिकवा. पण पैसे भरण्याआधी मान्यता बघा.