उसवणंही दाखवा

ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरहून आलेल्या शिवणवर्गांच्या सगळ्या बाई, आणि मागच्या दोन रांगांत जरा अवघडून बसलेले आमचे टेलर बंधू,

या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान मला दिलात. माझ्याहून जुन्या आणि माझ्याहून सुबक हाताच्या बायका समोर बसलेल्या मला दिसताहेत, त्यांनी सांभाळून घ्यावं. रविवारचा रेल्वेचा मेगाब्लॉक असताना तुम्ही एवढ्या संख्येनं आलात याबद्दल संयोजकांपेक्षा तुमचं कौतुक जास्त.

प्रथेप्रमाणे अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यायचा असतो. घेते. जुनी सुती लुगडी मिळेनाशी झाली आहेत. नऊवारी नेसणाऱ्या आज्या गेल्या आणि आताच्या साड्या सिंथेटिक. भिवंडी-उल्हासनगरहून किलोवर चिंध्या येतात, त्यात निवडायला बसलं तर सुती तुकडा हाताला लागायला दुपार जाते. रुखवतात गोधडी ठेवायची हौस परत आली आहे, बारशाच्या दुपट्यांना मागणी आहे, आणि आपण कष्टाचे पैसे मागितले की गिऱ्हाईक अजूनही भुवया उंचावतं. शिवाय गीता खंडेलवाल यांनी काही वर्षांपूर्वीच आपल्या महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मोठं देखणं पुस्तक केलं, तेही इंग्रजीत. मराठीत असं काम आपल्यापैकी कुणी करायला हवं होतं. झाला आढावा.

आता मला जे बोलायचं आहे ते बोलते. विषय आहे टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या शिवणाचा, आणि हे बोलायची संधी मिळावी म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाला वीस मिनिटं दिली आहेत. तेवढी पुरणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

दुपारच्या कार्यक्रमात शिवण कसं शिकवतात ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. टेबलावर इस्त्री केलेले चौकोन, रंगाला रंग लावून मांडलेले. बाई दोन चौकोन जोडते, कॅमेऱ्याकडे बघून हसते, आणि म्हणते, ‘‘हे मी आधीच करून ठेवलंय.’’ मग टेबलाखालून पुरी झालेली गोधडी बाहेर येते. ते दोन चौकोन आणि ती गोधडी यांच्यामध्ये पंधरा दिवसांचं काम असतं, आणि आपल्या वर्गात ज्याला शिकवणं म्हणतात ते सगळं त्या पंधरा दिवसांतच असतं. ते टेबलाखाली राहतं.

मलाही एका वाहिनीनं बोलावलं होतं. नाव घेत नाही. ती माणसं वाईट नव्हती, चहाही चांगला दिला. मी मुद्दाम एक बिघडलेली छोटी गोधडी नेली होती, दुपट्याच्या मापाची. एका विद्यार्थिनीनं शिवलेली, मधे फुगा आलेली. ती कॅमेऱ्यासमोर उसवून दाखवायची, फुगा कुठून आला ते दाखवायचं आणि पुन्हा बसवायची, असा माझा बेत होता. मी ते सगळं केलं. प्रसारणाच्या दिवशी शेजारपाजारच्या बायका जमवून टीव्हीपुढे बसले, तर उसवण्याचा भाग पूर्ण कापलेला. मी चौकोन जोडते आहे, आणि लगेच हातात दुसरीच, नीट झालेली गोधडी. फोन करून विचारलं तर निर्मात्या बाई म्हणाल्या, ‘‘ताई, चूक दाखवली की बघणाऱ्या बायका चॅनल बदलतात.’’

त्यानंतरच्या आठवड्यात मला बायकांचे फोन आले. ‘‘बाई, तुम्ही दाखवलं तसंच केलं, तरी आमची मधे फुगते. तुमची का फुगत नाही?’’ आता त्यांना काय सांगू? माझ्याही हातात फुगलेलीच होती, तो भाग कापला म्हणून दिसलं नाही, एवढंच.

हा फुगा म्हणजे काय ते इथल्या नव्या मुलींसाठी सांगते, बाकीच्यांनी तेवढ्यात पाणी प्या. आपली गोधडी कडेपासून आत शिवत नेतात. काठाला लागून धावदोऱ्याची पहिली रांग, तिच्या आत दुसरी, असं चौकोनात फिरत मध्यावर यायचं. खाली धोतर, मधे जुन्या साड्यांचे थर, वर चांगली बाजू. दोरा ओढला की वरचा थर किंचित पुढे सरकतो, प्रत्येक टाक्याला थोडासा. ही सगळी ढिलाई आत आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यावर गोळा होते. आधी मधोमध सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, उन्हाच्या किरणांसारखे, लांब कच्चे टाके घालून थर टाचले नसतील तर फुगा येणारच. त्यात एक थर सिंथेटिक असेल तर तो सुतीवर घसरतो, आणि पहिल्या धुण्यात कोरं सुती आटलं की उरलंसुरलं वाकडं होतं. हे तोंडानं सांगून कळत नाही. फुगा आलेली गोधडी उलटी करून, अर्ध्या ब्लेडनं दोन रांगा उसवून, आतला दुमडलेला थर बोटानं चाचपायला लावला की एका बैठकीत कळतं. मग ती मुलगी कच्चे टाके घालायचा कंटाळा पुन्हा करत नाही.

आपल्यातल्या काही ज्येष्ठ भगिनींचं मत माझ्या उलट आहे. सकाळच्या चर्चासत्रात त्यांनी ते ठासून मांडलं, की नवशिक्यांच्या डोळ्यांपुढे फक्त उत्तम नमुना असावा, चूक दाखवली की हाताला चुकीचंच वळण लागतं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण माझ्याकडे कल्याणहून एक बाई येत असत, बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशेबाला पक्क्या. टीव्ही बघून बघून चौकोनांची गोधडी शिवायला घेतलेली. आठ चौकोनांची एक ओळ जोडून ठरलेल्या मापाला लावली की टोकाला जवळजवळ इंचाचा फरक. कापताना चौकोन बरोबर, मग हा इंच गेला कुठे? त्यांनी वर्तमानपत्रातल्या सुडोकूसारखं कोडं म्हणून ते घरी नेलं. शेवटी मी त्यांना एक सांधा उसवायला लावला आणि पट्टी धरली. शिलाईला पाव इंच सोडायचं ठरलेलं असताना त्या प्रत्येक चौकोनावर अर्धं सूत जास्त घेत होत्या. म्हणजे एका सांध्याला दोन्हीकडचं मिळून एक सूत गेलं. आठ चौकोनांच्या ओळीत सांधे सात, म्हणून सात सूत गेले, आणि इंचाला आठच सूत असतात. बाईंचा चेहरा असा उजळला, जणू लेजरमधला हरवलेला आकडा सापडला. टीव्हीवर शंभर सरळ ओळी पाहूनही ते अर्धं सूत त्यांना दिसलं नसतं, कारण सरळ ओळीत ते नसतंच. माझ्यापुरता हा वाद तिथेच मिटला. ज्यांचा मिटला नसेल त्यांनी माझ्या वर्गात येऊन बसावं.

शिवणाच्या परीक्षांचंही तेच. मी परीक्षक म्हणून बसले आहे. नमुन्यांच्या फायली समोर येतात, एकेक टाका मोत्यासारखा, आणि प्रत्यक्ष कापड हातात दिलं की मुलीला दोरा कुठे अडकलाय ते उमगत नाही. फाईल बहिणीनं केलेली किंवा वर्गाच्या बाईंनी. चुकीला गुण कापायचे एवढंच आपण ठरवून ठेवलंय, तर मुली चूक लपवायलाच शिकणार. फाईलमध्ये प्रत्येक टाक्याच्या नमुन्याशेजारी फसलेला नमुना आणि तो का फसला याच्या दोन ओळी असाव्यात, असं मी मागे परीक्षा घेणाऱ्यांना पत्रानं सुचवलं होतं. पत्राची पोच आली. पुढे काही आलं नाही.

चुकीबद्दलच एक जुना समज आहे, तोही आज निकालात काढते. गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवावी, म्हणजे नजर लागत नाही. अमेरिकेतल्या आमिश लोकांबद्दलही हेच सांगतात, की परिपूर्णता फक्त देवाची म्हणून त्यांच्या बायका रजईत मुद्दाम एक तुकडा उलटा लावतात. तिथल्या अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा या गोष्टीला आधार सापडला नाही. बहुतेक विक्रेत्यांनी ती पसरवली असावी. मला तर ही कल्पना मुळातच पटत नाही. मुद्दाम चूक करायची म्हणजे बाकी सगळं बिनचूक झालंय अशी खात्री हवी. तेवढा अहंकार मी इथल्या कुठल्याच बाईत पाहिलेला नाही, आणि माझ्यात असेल तर आमच्या घरच्यांनी सांगावं.

खऱ्या चुका मी पुरानंतर पाहिल्या. 26 जुलै 2005 ला काय झालं ते कल्याण-बदलापूरच्या बायकांना सांगायला नको. उल्हास आणि वालधुनी नद्या घरात शिरल्या. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे गोधड्यांचे गठ्ठे आले, चिखलानं जड झालेल्या, वास मारणाऱ्या. ‘‘सासूबाईंची आहे, टाकवत नाही’’ म्हणत आणलेल्या. धुऊनही आतला चिखल निघेना, म्हणून आम्ही त्या थर थर सोडवल्या. तेव्हा माझं खरं शिक्षण झालं. वरून बघितलं तर एकसारख्या रांगा, आत मात्र बाईच्या हाताचा सगळा इतिहास. एकीत मधला थर कमी पडला म्हणून पोलक्याची बाही उलगडून लावलेली. एकीत लाल काठाचा रंग धोतरात उतरलेला, तो डाग झाकायला वरून बरोब्बर तेवढंच ठिगळ, आणि ते ठिगळ वाईट दिसू नये म्हणून चारही कोपऱ्यांत तसंच. आम्ही आजवर त्याला नक्षी समजत होतो! एका गोधडीत फुगा आला होता, तो बाईनं चुणी घालून दाबला होता आणि त्या चुणीवर दोन रांगा जास्तीच्या मारल्या होत्या. या बायकांनी कुणाचा कार्यक्रम पाहिला नव्हता. त्यांची चूक त्यांनीच निस्तरली, आणि जावेनं, नणंदेनं शेजारी बसून ती निस्तरताना पाहिली.

टीव्ही वाईट आहे असं मी म्हणत नाही. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि आमच्या चाळीत एकाच घरी असलेल्या संचापुढे आम्ही सगळ्या जमायचो. कृष्णधवल चित्रात रंग कुठला ते बाईंनी तोंडानं सांगायचं. एकदा एका बाईंना सुईत दोरा ओवता येईना. तोंडात धरून ओला केला, टोक पिळलं, पुन्हा चुकला. आम्ही सगळ्या श्वास रोखून. शेवटी टोक तिरकं कापून ओवला तेव्हा चाळीत टाळ्या पडल्या! त्या दिवशी त्यांनी काय शिकवलं ते आठवत नाही. दोरा तिरका कापून ओवायचा, हे मात्र पक्कं बसलं.

अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड नावाच्या बाई 1963 पासून टीव्हीवर स्वयंपाक शिकवायच्या. थांबून थांबून पुन्हा चित्रण करायला त्या कार्यक्रमाकडे पैसा नव्हता. बटाट्याचं थालीपीठ म्हणा, ते हवेत उडवून उलटताना अर्धं शेगडीवर सांडलं. बाईंनी ते गोळा करून परत तव्यात थापलं, आणि स्वयंपाकघरात आपण एकट्याच असतो, कोण बघतंय, असं म्हणून पुढे गेल्या. लोकांच्या हा प्रसंग लक्षात राहिला. अमेरिकेत भाचीकडे गेले होते तेव्हा जॉर्जिया बोनस्टील या बाईंच्या रजई शिकवणाऱ्या कार्यक्रमाच्या जुन्या फिती पाहिल्या. त्या रजईचे भाग करून मांडीवर घेऊन शिवायला शिकवतात, मोठी चौकट लागत नाही. आमच्या डोंबिवलीच्या वन रूम किचनसाठी याहून सोयीचं काय असणार? असं काही आपल्याकडच्या वाहिन्यांनी दाखवावं. पण आपल्याकडे बाईची साडी, टेबलावरचा फुलदाणीतला गुच्छ, आणि शेवटी प्रायोजकाची मशीन. आता मोबाइलवर तर गोधडी एका मिनिटात होते, हात माशीसारखे फिरताना दिसतात, बोटाला सुई टोचलेली कुणाचीच दिसत नाही.

गैरसमज नको. ढिसाळपणाची वकिली मी करत नाही. माझ्या वर्गात वाकडी रांग खपत नाही, हे इथल्या निम्म्या बायका साक्ष देऊन सांगतील. काहींच्या डोळ्यांत मी पाणी आणलंय. गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची गोधडी निर्दोषच हवी. पण शिकायला बसलेल्या मुलीला पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर देऊन काय उपयोग? तिला कारागिराची नजर द्यायची आहे.

काय करायचं, असं विचाराल. फसलेल्या नमुन्यांची एक पेटी करावी, ती वर्गावर्गांतून फिरावी, असं मनात आहे. ठाण्यात सुरू झाली तर बदलापूरपर्यंत जाऊ शकते. आपणच आपल्या तासांचं चित्रण करावं, उसवण्यासकट, न कापता. त्याला पैसा कुठून, चित्रण कुणाचा मुलगा करणार, पेटी कुणाच्या घरी ठेवायची, हे कार्यकारिणीनं बघावं. मी तारखा देत नाही, आणि अध्यक्षानं दिलेल्या तारखांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एवढं मात्र आजच ठरवू या, की पुढच्या अधिवेशनाच्या प्रदर्शनात प्रत्येक गोधडी पाठीची बाजू वर करून मांडायची. गाठी, जोड, ठिगळं, सगळं दिसू दे.

आणि सभागृहात वाहिन्यांची कुणी माणसं असतील तर त्यांनाही एक निरोप. मला पुन्हा बोलवा, मी येईन. बिघडलेली गोधडी आणि अर्धं ब्लेड घेऊनच येईन. तेवढा भाग कापायचा असेल, तर मात्र बोलावू नका.