गोष्ट पुढच्या हाती द्यावी

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आज मी पोलंडच्या लोककथांतून उगवलेल्या एका कादंबरीविषयी बोलणार आहे. बाप्पाच्या मांडवात पोलंड कुठून आलं, असं वाटेल; पण तिची जन्मकथा आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांना जवळची आहे.

कादंबरीचं नाव 'अपरूटेड', म्हणजे मुळासकट उपटलेले. ती २०१५ साली आली आणि तिला नेब्युला पुरस्कार मिळाला. लेखिका नाओमी नोविक अमेरिकेच्या. आईकडचं घराणं पोलिश. त्या लिहितात इंग्रजीत, पण लहानपणी घरात ऐकलेल्या पोलिश गोष्टी त्यांच्या मनात रुजल्या होत्या.

एका खोऱ्याशेजारी माणसं गिळणारं रान आहे. त्यापासून गावांना राखणारा मांत्रिक दर दहा वर्षांनी एक मुलगी घेऊन जातो. सगळ्यांना वाटतं, देखणी कासिया जाणार. निवड होते धांदरट, कपडे मळवणाऱ्या अग्निएश्काची. मांत्रिकाची पोथीबद्ध विद्या तिला जमत नाही. तिच्या हाती यागा नावाच्या जुन्या चेटकिणीची वही लागते, आणि त्यातले मंत्र तिला सहज येतात. ही यागा म्हणजे पोलिश आज्यांच्या गोष्टींतली म्हातारी, बाबा यागा. शेवटी कळतं, की रानाच्या रागामागेही जुना अन्याय आहे.

आता आपली नागपंचमीची कहाणी आठवा. माहेर नसलेल्या सुनेला शेषनाग मामा होऊन न्यायला येतो. फण्यावर बसून ती पाताळात जाते. तिच्या हातून दिवा पडतो, नागाच्या पिल्लांची शेपटं भाजतात. मोठी झाल्यावर ती सूड घ्यायला येतात, आणि ही त्यांना भाऊ मानून त्यांचं क्षेम मागताना पाहून राग सोडतात. पाताळ आहे, सूड आहे, क्षमा आहे. तरुणांच्या कादंबरीला आणखी काय हवं? पण घरातल्या किती मुलांनी ही कहाणी ऐकली आहे?

आपण म्हणतो, मुलांना आधी मराठी नीट येऊ दे, मग गोष्टी सांगू. मला हा क्रम उलटा वाटतो. गोष्ट मराठीत सांगा. नातू हिंदीत प्रश्न विचारेल, विचारू द्या. पुढचं ऐकायची ओढच त्याला शब्दांपर्यंत नेईल.

आणि त्याने उद्या हिंदीत लिहिलं तरी काय बिघडलं? गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली याच ग्वाल्हेर संस्थानात, श्योपूरला जन्मले. घर मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, गजानन हिंदीचे मोठे कवी झाले. त्यांची 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा मुलांना जरूर वाचून दाखवा. एक मुलगा बारा वर्षं गुरूकडे शिकतो. शेवटच्या दिवशी जेवताना गुरूचा हात लांब लांब होत दुसऱ्या खोलीतून तूप घेऊन येतो! गुरू ब्रह्मराक्षस असतो. विद्या कुणाला दिली नाही, म्हणून अडकलेला. शिष्य मिळाला, तेव्हा सुटला. जाताना शिष्यालाही बजावतो, की तूही हे पुढे दिल्याशिवाय सुटणार नाहीस.

आपल्यापाशीही आजीने दिलेल्या गोष्टी आहेत. आरतीनंतर प्रसाद वाटतोच. यंदा विसर्जनापर्यंत रोज एक गोष्टही वाटू या.

गणपती बाप्पा मोरया!