‘अगं, खेळणंच तर आहे!’

(विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी खेळण्यांवर बोलणार आहे. विषय ऐकून काही जण हसताय, ते दिसतंय मला. फेलोशिप अडकलीय, नेटचा निकाल लागायचाय आणि ही खेळण्यांवर काय बोलणार? पण सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करते.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वसतिगृहाच्या मेसमध्ये मैत्रिणींना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवत होते. त्यात एक जुना लोखंडी गल्ला होता. काळ्या माणसाचा अर्धपुतळा, जाड लालभडक ओठ, मोठाले पांढरे डोळे. त्याच्या तळहातावर नाणं ठेवायचं आणि मागची कळ दाबायची. हात वर जातो, नाणं तोंडात पडतं, डोळे गरकन फिरतात. आम्ही सगळ्या हसलो. नायजेरियाहून शिकायला आलेली आमची एक मैत्रीण मागेच उभी होती. ती हसली नाही. ताट उचलून निघून गेली. मी तिच्यामागे धावले आणि म्हणाले, “अगं, मनावर नको घेऊस. जुनं खेळणंच तर आहे!”

हे वाक्य माझं नव्हतं. ते मी आयुष्यभर समोरच्या बाजूने ऐकत आले होते. वर्गात ‘कोट्यातली’ म्हणून टोमणा मारायचा आणि माझा चेहरा उतरला की म्हणायचं, “अगं, गंमतच तर केली!” त्या रात्री तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. त्यानंतर मी या खेळण्यांचा इतिहास वाचायला घेतला.

तो गल्ला अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातल्या एका कारखान्यात तो 1880च्या दशकात तयार होऊ लागला. त्याच्या नावातच काळ्या लोकांसाठीची शिवी होती. आता तारखा बघा. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली 1865 साली. 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. 1877 पर्यंत दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांच्या हक्कांवरचं केंद्राचं संरक्षण उठलं. आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हा गल्ला बाजारात आला.

म्हणजे कायद्याने माणूस मोकळा झाला होता, पण गोऱ्या घरातलं मूल रोज कळ दाबून त्याला आपल्या इशाऱ्यावर हलवत होतं. मूल काय शिकत होतं? पैसे साठवायला शिकत होतं, हे खरंच. पण हा माणूस हावरट आहे, हास्यास्पद आहे आणि त्याची कळ माझ्या हातात आहे, हेही शिकत होतं. हे कोणी पाटीवर लिहून शिकवलं नाही. ते हाताला सवयीनं समजलं. जात आपल्याकडे कशी शिकवली जाते, ते आठवून बघा. वेगळा ठेवलेला कप कोणतंही भाषण देत नाही.

दुसरं खेळणं इंग्लंडचं. फ्लोरेन्स केट अप्टन या चित्रकर्तीने 1895 साली मुलांच्या पुस्तकात एक काळा बाहुला आणला, गॉलिवॉग. त्या काळात गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची नक्कल करत. त्या नकलेवरून केलेला एक बाहुला तिच्याकडे होता, त्यावरून तिने हे पात्र काढलं. गंमत अशी की तिचा गॉलिवॉग दुष्ट नाही, तो शूर आणि प्रेमळ आहे. हेतू वाईट नव्हता, असं म्हणायला इथे पूर्ण जागा आहे.

पण पुढे काय झालं? खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांनी बाहुला उचलला. रॉबर्टसन या जॅमच्या कंपनीने 1910च्या सुमारास तो आपलं चिन्ह केला. बरण्यांवरचे कागद जमवून पाठवले की त्याचा बिल्ला मिळायचा. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे बिल्ले जमवले. त्याच काळात ब्रिटनमधल्या शाळांत काळ्या मुलांना ‘गॉलिवॉग’ म्हणून चिडवलं जात होतं. त्यातल्या ‘वॉग’ या शेवटच्या तुकड्यासारखीच एक शिवी तिथे राहणाऱ्या भारतीय-पाकिस्तानी लोकांनाही खावी लागली. चित्र काढणारीचा हेतू पुस्तकात राहिला आणि शिवी शाळेच्या मैदानावर गेली. कंपनीने तो बाहुला काढला थेट 2001-02च्या सुमारास. तेव्हाही कारण दिलं ते मुलांमधली लोकप्रियता कमी झाल्याचं. चूक झाली, असं म्हणणं इतकं जड जातं.

तिसरं खेळणं जपानचं, आणि त्याच्या गोष्टीत भारतही येतो. 1960 साली जपानमध्ये हवा भरायचा एक काळा बाहुला लाखोंनी खपला. त्याचं नाव डाक्को-चान. तो दंडाला मिठी मारून बसायचा आणि डोळा मिचकावायचा. तरुण मुली तो दंडावर बसवून फिरायच्या. 1980च्या दशकाच्या शेवटी जपानमध्येच अशा चित्रांना विरोध झाला. त्या वादाच्या केंद्रस्थानी एक पुस्तक होतं, ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’. ते 1899 साली आलं. लिहिणारी हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई तेव्हा भारतात राहत होती. गोष्टीतले वाघ झाडाभोवती पळून पळून विरघळतात आणि त्यांचं तूप होतं. वाघ आणि तूप आपल्याकडचे, पण मुलाचा चेहरा त्याच नकलेच्या साच्यातला आणि नाव अमेरिकेत काळ्यांना हिणवायला वापरलं जाणारं. 1988 साली जपानी प्रकाशकांनी ते पुस्तक मागे घेतलं, डाक्को-चानचं उत्पादनही थांबलं. 2001 साली तो परत आला, पण चेहरा बदलून.

“आमच्या देशात गुलामगिरी नव्हती, मग आमचं खेळणं वंशवादी कसं?” हा प्रश्न जपानमध्ये विचारला गेला, आणि आपणही विचारू शकतो. पण चित्र एका देशातून दुसऱ्या देशात जाताना आपला अपमान सोबत घेऊन जातं. घेणाऱ्याला तो माहीत नसतो. ज्याच्यावर चित्र काढलंय, त्याला मात्र माहीत असतो.

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर 2018चा डिसेंबर आठवा. प्रादा या इटालियन कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात, काचेच्या मागे, लाल ओठांच्या काळ्या माकडासारख्या महागड्या बाहुल्या मांडल्या होत्या. एका काळ्या महिला वकिलाने त्या पाहिल्या आणि जाहीर आक्षेप घेतला. हे काल्पनिक प्राणी आहेत, असं उत्तर आलं. पण माल मागे घ्यावा लागला आणि 2020 साली कंपनीने शहराच्या मानवी हक्क आयोगाशी करार करून कर्मचाऱ्यांना वंशभेदाविषयी प्रशिक्षण देण्याचं मान्य केलं. माझा प्रश्न साधा आहे. ती बाहुली कागदावर काढल्यापासून दुकानात येईपर्यंत किती टेबलांवरून गेली असेल? त्यातल्या एकाही टेबलावर ती ओळखणारं माणूस असतं, आणि त्याच्या शब्दाला वजन असतं, तर?

म्हणून मी तुम्हाला हे सांगतेय. आपण घरातले पहिले पदवीधर आहोत. उद्या आपल्यातलं कोणी जाहिरात कंपनीत असेल, कोणी पाठ्यपुस्तकाच्या मंडळावर, कोणी डिझाइनच्या खोलीत. तिथे “यात काय एवढं?” असं विचारलं जाईल. तेव्हा सांगता आलं पाहिजे. आणि आपलं नसलेलं दुःख असेल, तर विचारता आलं पाहिजे. आपण सोसलंय म्हणून आपल्याला सगळ्यांचं कळतं, असं नाही. 2017 साली ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. वसतिगृहांत त्यांना कोणत्या नावांनी हाक मारतात, ते आपण ऐकलंय. कधी आपणही हसलोय.

मग या वस्तूंचं करायचं काय? अमेरिकेतले काळे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड पिलग्रिम यांनी लहानपणी अशीच एक वस्तू विकत घेतली आणि जमिनीवर आपटून फोडली. पुढे मात्र ते अशा वस्तू जमवत राहिले. मिशिगनमधल्या फेरिस स्टेट विद्यापीठात त्यांनी त्यांचं जिम क्रो संग्रहालय उभं केलं. तिथे तसले गल्लेही आहेत. हौशी संग्राहकाच्या कपाटात ती वस्तू ‘जुन्या काळची मजा’ असते. संग्रहालयात तीच वस्तू पुरावा होते. वस्तू बदलत नाही. तिच्या शेजारी कोणाचं म्हणणं ठेवलंय, त्याने फरक पडतो.

माझ्या त्या मैत्रिणीची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. ती म्हणाली, “तू हसलीस त्याचं वाईट वाटलं. पण जास्त वाईट वाटलं ते मी काय मनावर घ्यायचं, हे तू ठरवलंस त्याचं.”

तिचं हे वाक्य मी अजून विसरले नाही. तुम्हीही ते सोबत न्या.

जय भीम, जय सावित्री.