ऐकणाऱ्याचं कोण ऐकणार?

बोरीहून, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातून, बोलतोय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आजचा विषय आपल्याच भागातल्या पोरापोरींचा आहे. समुपदेशनाचं काम नुकतंच शिकायला लागलेल्यांचा.

२०१५ मध्ये राज्य सरकारनं शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. मराठवाडा आणि विदर्भातले चौदा जिल्हे त्यात आले, आपलं परभणीही आलं. आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात. कुणी फार खचलेलं दिसलं, तर त्याला पुढे उपचाराकडे, समुपदेशनाकडे नेलं जातं. मग १० ऑक्टोबर २०२२ ला देशभरासाठी टेलि-मानस आलं. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतसुद्धा.

बोलणाऱ्याची सोय झाली, चांगलंच झालं. पण ऐकणाऱ्याचं काय?

दुसऱ्याचा आघात रोज ऐकून ऐकणाऱ्यालाही आघात होतो. १९९० मध्ये लिसा मॅकॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, व्हिकॅरिअस ट्रॉमा. हा नुसता थकवा नाही बरं का. थकवा सुट्टीनं जातो. इथं जगाकडे बघायची नजरच बदलते. झोप लागत नाही, ऐकलेलं डोळ्यासमोर येतं, कुणावर विश्वास बसत नाही.

आता आपल्याकडचा पेच बघा. कर्ज, गेलेलं सोयाबीन, फवारणीच्या औषधाची बाटली, हे सगळं ऐकणारी पोरगी स्वतःच शेतकऱ्याच्या घरची असेल तर? संध्याकाळी बाप शेतातून यायला अर्धा तास उशीर झाला, की तिच्या छातीत धडधड. आणि घरी सांगायचं तरी काय? लोकांची गोष्ट गुप्त ठेवायची असते.

अशा वेळी तिला सांगतात, "मन घट्ट कर, योगा कर." योगा करावा, ना नाही. पण आमच्या क्षेत्रात सर्व्हरवर लोड वाढला, तर आम्ही सर्व्हरला हिंमत देत नाही, लोड वाटून देतो! रात्रीची ड्युटीसुद्धा आळीपाळीनं लावतो. माणसाला तर हे आधी लागू व्हायला पाहिजे.

म्हणजे काय करायचं? आत्महत्येच्या सगळ्या केसेस एकाच शिकाऊ माणसाकडे द्यायच्या नाहीत. जड फोननंतर लगेच दुसरा फोन नाही. आधी पाणी, दहा मिनिटं बाहेर. आठवड्यातून एकदा अनुभवी मार्गदर्शकासोबत ठरलेली बैठक. तिथं "तू काय सल्ला दिलास?" एवढंच नाही, "तुला काय झालं?" हेही विचारायचं. आणि त्या उत्तरावरून मार्क कापायचे नाहीत, नाहीतर कुणी खरं बोलणारच नाही. सहकाऱ्याजवळ मन मोकळं करतानाही आधी विचारायचं, "आत्ता ऐकू शकशील का?" अंगावर येणारा तपशील टाळूनही मन हलकं करता येतं.

हे आशाताईंनाही लागू आहे. त्या तर त्याच गावात राहतात, त्याच घरावरून रोज जातात.

तुमची कुणी मैत्रीण हे काम शिकत असेल, तर "आज काय ऐकलंस?" असं खोदू नका. "जेवलीस का? चल, चहा घेऊ," एवढं पुरे. आणि हो, १४४१६ हा नंबर समुपदेशकांसाठीसुद्धा आहे. त्यांनीही लावावा, त्यात कमीपणा कसला?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.