‘मी बोलली थे कुठी गेलं?’

(दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरब इथं भरलेल्या महिला मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘मुली आणि नवे अभ्यासक्रम’ असा छापला आहे. मी मात्र एकाच अभ्यासक्रमाबद्दल बोलणार आहे. रेडिओचे आणि टीव्हीचे कार्यक्रम कसे तयार करायचे, याचं शिक्षण विद्यापीठात मिळतं. आपल्या भागातल्या दोन मुलींना त्यासाठी अर्ज भरायचे आहेत. दोघींच्या घरून ‘पाहू, विचार करून सांगतो’ असं उत्तर आलं आहे. या उत्तराचा अर्थ इथं बसलेल्या प्रत्येक बाईला कळतो.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीची माणसं शेतकरी आत्महत्यांवर बातमी करायला आपल्या जिल्ह्यात आली. ‘ताई, एखादं घर दाखवा,’ म्हणाली. मी दाखवलं. त्या बाईंशी माझी चांगली ओळख होती, म्हणूनच त्यांनी या लोकांना आत घेतलं. बाई पाऊण तास बोलल्या. सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज खाजगी सावकाराचं, त्यामुळे शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी त्यांचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलं होतं. नवरा गेल्यावर दिराशी वावराचा वाद सुरू झाला होता. वेचणीला मजुरी किती मिळते, दुकानात उधारी किती झाली, सगळं त्यांनी आकड्यानिशी सांगितलं. मग कॅमेरावाला म्हणाला, ‘जरा नवऱ्याचा फोटो मांडीवर घ्या.’ त्यांनी घेतला. मी दारात उभी होते. मी काही बोलले नाही.

बातमी लागली तेव्हा त्यात बाई वीसेक सेकंद दिसल्या. फोटो मांडीवर, पदर डोळ्याला. वरून निवेदकाचा आवाज. त्यांचा स्वतःचा एक शब्दही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मला भेटल्या आणि म्हणाल्या, “ताई, मी बोलली थे कुठी गेलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला संवादकौशल्य शिकवलं होतं. भित्तिपत्रकं केली, पथनाट्य बसवलं. पण पाऊण तासाचे वीस सेकंद कोण करतं, कुठं बसून करतं आणि काय विचार करून करतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या बाईंच्या मुलीला मात्र ते शोधायचं होतं. तेव्हा ती बारावीत होती. बी.ए. झाल्यावर तिनं याच शिक्षणासाठी प्रवेश घेतला. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं नाव आणि गाव मी सांगत नाही. ओळखणाऱ्यांनीही कृपया सांगू नये.

घरून विरोध होताच. तो आईचा नव्हता, काका-मामांचा होता. ‘पोरगी टीव्हीत जाणार’ म्हणजे नाचगाणं, अशी समजूत. ‘रात्री-बेरात्री पोट्ट्यांसंगं फिरन’ ही भीती. आणि लग्न कोण करणार? मी चार वेळा त्या घरी गेले. पैशाचा प्रश्न खरा होता. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला, वसतिगृह मिळालं, थोडी उसनवारी झाली. बऱ्याच ठिकाणी या अभ्यासक्रमाला कोणतीही पदवी चालते आणि प्रवेश परीक्षा असते, हे इथं मुद्दाम सांगते. आपल्या मुलींना वाटतं की त्यासाठी सायन्स लागतं किंवा फाडफाड इंग्रजी लागतं. शेजारच्या वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथं जनसंचाराचा विभाग आहे आणि शिकवणं हिंदीतून चालतं.

तिथं नेमकं काय शिकवतात? सुट्टीत आली की ती मला सांगते. आवाज घ्यायच्या आधी खोली ऐकायची. पंखा बंद करायचा. टिनपत्र्याच्या घरात दुपारी घेऊ नये, पत्रा तडतडतो. माणूस बोलायचं थांबला तरी यंत्र लगेच बंद करायचं नाही, खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट घ्यायची. पुढं जोडकाम करताना ती लागते. कॅमेऱ्यापुढं आधी पांढरा कागद धरायचा, म्हणजे रंग खरे येतात. पण सगळ्यात मोठा विषय संकलनाचा. एकाच बाईचं तेच बोलणं तीन तऱ्हांनी कापायला लावतात. एकात ती बिचारी दिसते, एकात भांडखोर, एकात शहाणी. बाई तीच आणि शब्दही तिचेच. आईच्या प्रश्नाचं उत्तर तिला त्या दिवशी मिळालं, असं ती म्हणाली.

सगळं गोड आहे असंही नाही. गटात काम वाटताना कॅमेरा मुलांच्या खांद्यावर जातो. मुलींना निवेदन करा, पाहुण्यांना फोन लावा, चहाचं बघा, असं सांगितलं जातं. यंत्र जड आहे, हे कारण. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून येणाऱ्या आईच्या मुलीला हे सांगायचं! दुसऱ्या सत्रात तिनं भांडून कॅमेरा घेतला. तिच्या बोलीला हसणारे तिथंही आहेत. रेडिओसाठी ‘शुद्ध’ बोल म्हणतात. यावर तिचं भांडण अजून चालू आहे.

हे क्षेत्र बायकांना नवीन आहे, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १९८४ साली अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेनं वीस बायकांना व्हिडिओ शिकवला. शिकवायला न्यूयॉर्कहून मार्था स्टुअर्ट आल्या होत्या. शिकणाऱ्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या यंत्र शिकल्या, आपल्या कामाच्या फिती बनवू लागल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले आणि त्यासाठी विद्यापीठांतून निर्मिती केंद्रं उभी राहिली. त्यातलं एक पुण्याला. त्याही आधी, १९८१-८२ मध्ये ‘युगांतर’ या गटानं पुण्याच्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ आणि निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर आणखी एक फिल्म केली. दीपा धनराज त्या गटात होत्या. आधी बायकांमध्ये बसायचं, त्यांचं ऐकायचं आणि मग चित्रण करायचं, अशी त्यांची रीत.

घराघरात मात्र वेगळंच शिरलं. मुंबई दूरदर्शनच्या दोन जुन्या कार्यक्रमांची नावं आठवा. शेतीचा ‘आमची माती, आमची माणसं’, बायकांचा ‘सुंदर माझं घर’. निंदण बाईचं, वेचणी बाईची, पण बाईच्या वाट्याला घर. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ठरवणाऱ्या टेबलाशी निंदणारी बाई बसलेली नव्हती, एवढंच.

१९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. तरी सामाजिक संस्थांना रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळायला २००६ उजाडलं. २००८ मध्ये आंध्रच्या, आताच्या तेलंगणातल्या, मेदक जिल्ह्यात दलित बायकांनी चालवलेला ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. त्याच वर्षी साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी’चा रेडिओ. तिकडे झालं ते आपल्याकडे का होऊ नये? पण परवाना मिळाला तरी यंत्राशी बसणारी मुलगी लागेल. ती नागपूर-मुंबईहून मागवायची की आपल्यातून पाठवायची, एवढा साधा प्रश्न आहे.

आता त्या मुलीची शेवटची हकीकत. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा कार्यक्रम करावा लागतो. तिनं ठरवलं, आईचं ते पाऊण तासाचं बोलणं पुन्हा घ्यायचं, पूर्ण, एकही कट न मारता. दिवाळीला ती रेकॉर्डर घेऊन घरी आली. मीही गेले होते. तिनं आईला सगळं समजावलं: कोण ऐकणार, कुठं वाजणार, नंतर नको वाटलं तर काय करायचं. मग विचारलं, “घेऊ का?”

आई म्हणाली, “नाई.”

मुलीचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मी समजूत घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हिनं इचारलं म्हनून मले नाई म्हनता आलं, ताई. त्याईनं इचारलंच नव्हतं.”

तो कार्यक्रम झाला नाही. मुलीनं विषय बदलला. वेचणीच्या बायकांसोबत चार दिवस वावरात जाऊन तिनं त्यांची मजुरीची बोलाचाली घेतली. आईही त्यात आहे. पण तिचा आवाज कुठला, ते ओळखू येत नाही. तसं तिनंच सांगितलं होतं.

अर्ज भरायची मुदत या महिनाअखेर संपते. त्या दोघींच्या घरी मी उद्या सकाळी जाणार आहे. सोबत कुणी येणार असेल तर नाव द्या, एकटीनं गेलं की ‘ताईचं खूळ’ म्हणतात.

आणि आता चहा झाल्यावर त्या टेबलावर दोन रेकॉर्डर ठेवले आहेत. दोघी-दोघींच्या जोड्या करू. एकमेकींना पाच मिनिटं ऐकायचं. बटण दाबायच्या आधी विचारायचं. समोरची नाही म्हणाली तर यंत्र पुढच्या जोडीकडे द्यायचं. पंखे मी बंद करते, थोडं उकडेल.