'रिकॅल्सिट्रंट' : एका शब्दाचा अर्थ व उपयोग



इंग्रजीत हट्टीपणा दर्शविणारे शब्द पुष्कळ आहेत. त्यांपैकी 'ऑब्स्टिनेट' हा सर्वांच्या परिचयाचा; 'रिकॅल्सिट्रंट' मात्र क्वचितच वाचनात येतो. कोशात दोहोंपुढे 'हट्टी, हेकट' असे अर्थ पाहून वाचणाऱ्यास दोन्ही एकच वाटतात. तसे ते नाहीत.

'ऑब्स्टिनेट'च्या मुळाशी ठाम उभे राहण्याची कल्पना आहे. 'रिकॅल्सिट्रंट'च्या मुळाशी 'काल्क्स', म्हणजे टाच, हा लॅटिन शब्द आहे. मागे लाथा झाडणारे जनावर हे त्याचे मूळ चित्र. बैल जागचा हललाच नाही तर तो 'ऑब्स्टिनेट'. मानेवर जू ठेवताच लाथा झाडू लागला तर 'रिकॅल्सिट्रंट'. मराठीतील 'नाठाळ' हा शब्द यास पुष्कळ जवळचा. तोही गुरांना व माणसांना सारखाच लावतात.

म्हणून या शब्दाच्या उपयोगात हुकूम करणारा कोणी तरी गृहीतच असतो. बाजारात खेळण्यासाठी भोकाड पसरणारे मूल हट्टी खरे, पण 'रिकॅल्सिट्रंट' नव्हे. १९९३ साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी, सिएटल येथील एपेक परिषदेस न गेलेले मलेशियाचे पंतप्रधान महाथिर महंमद यांना उद्देशून हा शब्द उच्चारला आणि दोन राष्ट्रांत वितुष्ट आले. बरोबरीच्या माणसास हा शब्द लावला की, तो ताबेदार असून आज्ञा मोडतो, असे त्यातून ध्वनित होते.

संस्कार बिंबविणे या अर्थी अध्यापनशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांत येणारे 'इन्कल्केट' हे क्रियापदही याच टाचेपासून निघाले आहे. त्याचा मूळ अर्थ टाचेने तुडवून आत बसविणे! शिकविणारा टाचेने दाबतो आणि शिकणारा टाच झाडतो. भाषेने हे दोघे एकाच घरचे ठरविले आहेत, ही गोष्ट शिक्षकाने हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

वनस्पतिशास्त्रात या शब्दास निराळाच उपयोग लाभला. १९७३ साली रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने साठवणीच्या दृष्टीने बियांचे दोन वर्ग केले. गहू, ज्वारी यांसारखे बी वाळवून थंड जागी ठेवले असता दीर्घकाळ टिकते, ते 'ऑर्थोडॉक्स'. आंब्याची कोय, फणसाची आठळी वाळली की मरते, ती 'रिकॅल्सिट्रंट'. वस्तुतः कोयीत दोष काहीच नाही. ओल्या जमिनीवर पडून लागलीच रुजावे, अशीच तिची घडण असते. कोठाराच्या नियमात ती बसली नाही, एवढ्यावरून तिला हे नाव मिळाले. कोकणातील बागाईतदार ती ताजी असतानाच रुजत घालतो. तिला नाठाळ म्हणण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही.

शाळेच्या नोंदींत 'हट्टी', 'ऐकत नाही' हे शेरे विद्यार्थ्याच्या नावापुढे सर्रास लिहिले जातात व पुढील इयत्तेच्या शिक्षकापर्यंत तसेच पोहोचतात. असा शेरा लिहिताना मुलाने कोणती सूचना मानली नाही, ती कोणत्या वेळी दिली होती व तिचे शब्द त्यास समजले होते काय, हेही शेजारी नोंदवावे. दुसरीतील एखादा विद्यार्थी फळ्यावरील मजकूर उतरवून घेत नाही, परंतु पुढच्या ओळीत बसविल्यावर घेतो, असे आढळल्यास शेरा खोडावा आणि त्याचे डोळे तपासून घेण्याविषयी पालकांस त्याच दिवशी कळवावे.