पतिनिधनानंतरची आशा : पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक

पतीच्या मृत्यूनंतर ख्रिस्ती स्त्रीला जी आशा सांगितली जाते, तिचा मुख्य आधार पुनरुत्थानावरचा विश्वास हा आहे. या विश्वासाचे एक जुने लेखी रूप पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सापडते. नव्या करारातील अगदी आरंभीच्या लेखनात या पत्राची गणना होते. ख्रिस्त लवकरच परत येणार, अशी त्या मंडळीची समजूत होती. दरम्यान काही माणसे मरण पावली आणि मागे राहिलेल्यांना प्रश्न पडला की, आता यांचे काय होणार? पौलाचे उत्तर बारकाईने वाचले पाहिजे. रडू नका, असे तो सांगत नाही. ज्यांना कसलीच आशा नाही त्यांच्यासारखे दुःख करू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे. लाजराच्या कबरेपाशी स्वतः येशू रडला, अशी नोंद योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि तीही लाजराला तो उठवणार होता त्याच प्रसंगी. शोक म्हणजे विश्वासाची उणीव, ही समजूत पुष्कळ ख्रिस्ती घरांत दिसते. मूळ ग्रंथात तिला आधार नाही.

याच आशेला एक मर्यादाही आहे, आणि सांत्वनाच्या भाषणांतून ती सहसा वगळली जाते. सात भावांशी एकामागून एक लग्न लागलेल्या विधवेचा प्रश्न सदूकी पंथाच्या लोकांनी येशूला घातला होता : पुनरुत्थानानंतर ती कोणाची बायको? तिथे लग्नव्यवहारच नसतो, असे उत्तर मिळाले. म्हणजे पती पुन्हा भेटेल असे मानायला जागा आहे, पण पूर्वीचा संसार जशाच्या तसा पुन्हा मांडला जाईल, असे आश्वासन ख्रिस्ती शास्त्र देत नाही. लग्नाची शपथही मरणापर्यंतचीच असते. पती वारल्यावर स्त्री त्या बंधनातून मोकळी होते, असे पौलाने रोमकरांच्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे विधवेच्या पुनर्विवाहाला ख्रिस्ती धर्मात शास्त्राची आडकाठी कधी नव्हती. असली तर ती घरच्यांची आणि शेजाऱ्यांची.

आरंभीच्या मंडळीने विधवांचा प्रश्न परलोकावर सोडून दिला नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक तक्रार नोंदलेली आहे. यरुशलेमात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जात होते. ते सुधारण्यासाठी सात माणसे नेमली गेली. मंडळीच्या कारभाराची ही पहिली स्वतंत्र व्यवस्था म्हणता येईल, आणि ती उभी राहिली विधवांच्या जेवणावरून. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीचे नियम आहेत : वय साठीच्या पुढे, पदरी सत्कर्मे, आणि सांभाळणारे नातेवाईक नसलेली. तरुण विधवांनी लग्न करावे, असा सल्लाही तिथेच आहे. आजच्या वाचकाला यातला सूर कोरडा, कारकुनी वाटतो, पण विधवेला नाव आहे, वाटा आहे आणि काम आहे, हे गृहीतच धरलेले दिसते.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात उच्चवर्णीय विधवेची स्थिती याच्या नेमकी उलट होती. केशवपन, एकभुक्त राहणे, तांबडे आलवण, मंगलकार्यात मज्जाव. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली होती, पण त्याचा लाभ घेणारी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. पती गेला की स्त्रीचे समाजातले स्थानच संपत असे. या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती श्रद्धेने विधवेला काय दिले, हे पाहायला मराठीत दोन आयुष्ये तपशिलाने उपलब्ध आहेत. ती एकमेकींसारखी नाहीत, म्हणूनच शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर चालणारे हे कुटुंब १८७४ च्या सुमारास दुष्काळात सापडले. आई, वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने दगावले. संसाराला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. रमाबाईंचे वय तेव्हा तेवीस आणि कडेवर तान्हे मूल.

पती वारला, आधार तुटला आणि रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या, असा हा वृत्तांत पुष्कळदा सांगितला जातो. नोंदी मात्र तसे सांगत नाहीत. बंगालीतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती आले ते सिलचरच्या घरात, पती हयात असताना, घरच्याच पुस्तकांत. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन त्यांना ते समजावून देत आणि बिपिनबाबूंना ते फारसे रुचत नसे. पतीच्या निधनानंतर रमाबाई पुण्यात आल्या त्या प्रार्थना समाजाच्या सुधारक मंडळींत. १८८२ मध्येच आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. वैधव्याचे पहिले वर्ष असे गेले.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे राहत असताना लंडनजवळच्या फुलहॅम इथला एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने पतित ठरवून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिले आहे की, अशी करुणा आपल्या माहितीतल्या शास्त्रांत त्यांना आढळली नव्हती. त्या भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला शोमरोनी स्त्रीचा प्रसंग वाचून दाखवला. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लिखाणाचाही परिणाम झाला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रमाबाईंना ओढून घेणारा प्रश्न ‘माझा नवरा कुठे आहे’ हा नव्हता. टाकून दिलेल्या बाईला कोण जवळ करते, हा होता.

बाप्तिस्म्याने सगळे मिटले असेही नाही. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वादांनी भरलेला आहे : धर्मसत्तेने सांगितले म्हणून मानायचे की स्वतः पारखून घ्यायचे, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. रमाबाई शाकाहारीच राहिल्या, पांढरे पातळ नेसत राहिल्या. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या म्हणतात की, ख्रिस्ती धर्म त्यांना आधी मिळाला. ख्रिस्त नंतर, बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षे झाल्यावर. पतिनिधनापासून मोजले तर हे अंतर नऊ-दहा वर्षांचे होते. ‘विश्वास ठेव, शांती मिळेल’ असे तिसऱ्याच दिवशी विधवेला ऐकवणाऱ्यांनी हा हिशेब नजरेसमोर ठेवायला हरकत नाही.

या मधल्या वर्षांत काम थांबले नव्हते. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत निघाले, त्यातून आणि तिथल्या व्याख्यानांतून पैसा उभा राहिला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तिने पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. मुलींनी आपापला धर्म पाळावा, अशी मुभा होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्या उघड्या दारावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण आश्रयाला आलेली मुलगी आणि आश्रयदात्रीचा धर्म यांतले अंतर राखणे अवघड असते. पण दार लावून घ्यायला रमाबाई तयार नव्हत्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुलींना आणि विधवांना केडगावला आणले. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी दुष्काळातच आपली माणसे त्यांनी गमावली होती, हा धागा त्यांच्या लिखाणात येतो. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०० च्या सुमारास दीड-दोन हजार स्त्रिया आणि मुले होती. शेती, गुरे, विणकाम, तेलघाणा, छापखाना असा सारा व्याप. अंध स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था. आश्रयाला आलेल्या बायकांच्या हातात काम पडे. अखेरच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि छपाई तिथल्याच छापखान्यात होत होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. भाषांतराचे काम तोवर हातावेगळे झाले होते.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या या मुलीचे अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. त्यांना वैधव्याची चव एकदा पती जिवंत असतानाच घ्यावी लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि सोवळ्या घरातली बायको एका दिवसात नवरा असून नसल्यासारखी झाली. काही काळ त्या पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे पतीकडे आल्या, तरी स्वयंपाक वेगळा आणि सोवळेही वेगळे. हे सोवळे सुटायला वर्षे लागली. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पतीचा धर्म म्हणून त्यांनी तो पत्करला नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते लागल्यावरच त्या तयार झाल्या.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला होता आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समाज उभारण्याच्या खटपटीत ते होते. आपल्या देहाचे दफन न करता दहन व्हावे, ही त्यांची इच्छा होती. लक्ष्मीबाई पन्नाशीत होत्या. मागे शिल्लक अशी काही नव्हती, कारण टिळकांच्या हाती पैसा कधी टिकलाच नाही. पुढच्या काळात त्या मुलाबरोबर काही वर्षे कराचीतही राहिल्या.

त्यांच्यापुढे टिळकांचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य होते. ख्रिस्तचरित्राचे आरंभीचे अध्याय टिळकांनी रचले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानेच करून दिली, तिने. पतीचे काम पुढे नेणारी विधवा, असे याचे वर्णन करणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरते. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून दे, असे मुलाने सुचवले, त्यातून ‘स्मृतिचित्रे’ वाढले आणि १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात टिळक आहेत तसे आहेत : थोर, लहरी, संतापी, पैसे वाटून मोकळे होणारे. गेलेल्या पतीला देव्हाऱ्यात न बसवता त्याच्यावर हसत हसत लिहिता येणे, हे या पुस्तकातले सर्वांत भक्कम सांत्वन आहे. श्रद्धेची प्रवचने त्यात जवळपास नाहीत. घरातली उणीदुणी आहेत, प्लेग आहे, पोरकी मुले घरात घेणे आहे. देवावरचा भरवसा अशा तपशिलांत मुरलेला आहे. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये नाशिकला वारल्या.

दोघींना मिळालेली आशा सारखी नाही. रमाबाईंच्या लिखाणात बिपिनबाबू फार थोडे येतात. त्यांच्या श्रद्धेचा रोख पुढच्या बाईकडे आहे. लक्ष्मीबाईंच्या पानापानांत टिळक आहेत. एकीने पतीला मागे ठेवले, दुसरीने बरोबर नेले, आणि ख्रिस्ती शास्त्रात दोन्हींना जागा आहे.

या आशेला कायद्याचाही हातभार लागला, हे धर्मचर्चेत विसरले जाते. भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती विधवेला मुले असताना एक तृतीयांश आणि मुले नसून इतर नातेवाईक असताना निम्मा वाटा मिळतो. एकत्र कुटुंबातल्या हिंदू विधवेला १९३७ च्या कायद्यापर्यंत बहुतेक ठिकाणी केवळ पोटगीवर समाधान मानावे लागे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने लग्नानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक धरली जाते, म्हणून पत्नीचा अर्धा हिस्सा तिचा स्वतःचाच असतो.

शोक पाळण्याच्या रीतींत मराठी ख्रिस्ती समाजातही दोन परंपरा आहेत. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक घरांत मृतासाठी मिस्सा अर्पण केला जातो, पुढे महिन्याचा आणि वर्षाचाही. २ नोव्हेंबरला कबरींवर फुले आणि मेणबत्त्या लागतात. पतीसाठी अजून काही करता येते, ही भावना त्या स्त्रीला धरून ठेवते. अहमदनगर-पुण्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतासाठी प्रार्थना करत नाहीत. तिथे घरी स्मरणाची उपासना होते, टिळकांची गीते गायली जातात, पाळक वचन वाचतो आणि प्रार्थना केली जाते ती मागे राहिलेल्यांसाठी.